जीपचं नाक

माणदेशात वाढलेल्या माणसाला धुळीच्या जाती कळतात. नांगरटीची धूळ जड, ती उडते आणि बांधापलीकडं बसते. मेंढरांच्या कळपामागं उठते तिला लेंड्यांचा वास असतो. वैशाखात वावटळ सुटली की धुळीचा खांब उभा राहतो आणि उनाड पोरं त्यात शिरून डोळे चोळत बाहेर येतात. गाडीवाटेच्या चाकोरीत घोटाभर फुफाटा साठतो, त्यात अनवाणी पाय टाकला की दुपारी चटका आणि सांजच्याला गारवा. आणि या सगळ्यांहून वेगळी एक धूळ, खडी क्रशरची. पांढुरकी, मैद्यासारखी मऊ. बोटांत चोळली तर काही कळत नाही, दाताखाली आली की कचकचते.

सातारा जिल्हा एकच. पण महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशे झाला तरी माणसं एकमेकांना सांगत सुटतात. ढग डोंगराच्या पल्याड रिकामे होतात आणि आमच्याकडं नुसती सावली धरून जातात. माणगंगेला पाणी थोडे दिवस आणि वाळू बाराही महिने. म्हणून आमच्याकडं शेत असूनही माणूस दुसऱ्या कामाला हात लावतोच. कुणी मेंढरं धरली, कुणी मुंबई गाठली, कुणी ऊसतोडीला गेलं. आमच्या आबांनी दगड धरला.

१९७२ च्या दुष्काळात आबा आणि आई दोघंही सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. आई सांगायची, मी तेव्हा तिच्या पोटात होतो. ती हातोडी आबांच्या हातातून पुढं सुटलीच नाही. दुष्काळ सरला, विहिरीला थोडं पाणी आलं, पण घर चालेल एवढं नव्हतं. मग म्हसवडच्या रस्त्याला एक क्रशर सुरू झाला आणि आबा तिथं लागले. अकरा वर्षं. जबड्यात दगड ढकलायचं काम. पंचा तोंडाला गुंडाळायचा आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत उभं राहायचं. घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानावरचे केस, सगळं पांढरं. आम्ही पोरं हसायचो, "आबा म्हातारं झालं, आबा म्हातारं झालं." ते तोंड धुवायचे आणि पुन्हा तरणे व्हायचे.

१९९३ साली आबांनी काम सोडलं, म्हणजे खोकल्यानं सोडायला लावलं. साठवलेले काही पैसे, एक बैलजोडी विकून आलेले आणि पतसंस्थेचं कर्ज, असं मिळून घरात जीप आली. जुनी, मूळची पेट्रोलवरची महिंद्रा जीप. आधीच्या मालकानं तिचं पेट्रोल इंजिन उतरवून मॅटाडोरचं चोवीसशे सीसीचं डिझेल इंजिन बसवलेलं. त्या काळात असं सर्रास करत. पेट्रोल परवडत नव्हतं, जीपचा सांगाडा मजबूत होता आणि डिझेल इंजिन ओझ्याला वाघ. आमचा थोरला, म्हणजे दादा, तिच्यावर वडाप करायला लागला. एष्टी दिवसातनं दोनदा यायची. दादा पाच खेपा करायचा. कागदावर नऊ माणसं आणि गाडीत अठरा, शिवाय टपावर कोंबड्यांची डाली. पहाटेची पहिली खेप मात्र ठरलेली असायची, क्रशरच्या बायामाणसांची. तिचे पैसे हप्त्यानं मिळत आणि पतसंस्थेचा हप्ता त्यातनंच जायचा.

मी तेव्हा सातारला आयटीआयला मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलो होतो आणि म्हसवडला एका मिस्त्रींच्या हाताखाली होतो. पहिली सात-आठ महिने जीप नीट चालली. मग ती ऑइल खायला लागली. आधी हप्त्याला पाव लिटर, मग अर्धा. मागनं निळा धूर. चढाला मेल्यासारखी व्हायची, प्रवासी उतरून चालायचे आणि वर जाऊन पुन्हा बसायचे. १९९४ च्या दिवाळीनंतर एका सकाळी ती सुरूच होईना. बैलं लावून ओढत म्हसवडला आणली.

मिस्त्रींनी हेड उतरवलं, पिस्टन काढले. आबाही आले होते. पालथ्या टायरवर बसून बघत होते. मिस्त्रींनी माझं बोट धरून सिलिंडरच्या आत फिरवलं. वरच्या कडेजवळ नखाला पायरी लागली, चांगली ठसठशीत. जिथपर्यंत रिंग घासते तिथपर्यंत लोखंड झिजलेलं आणि त्याच्या वर मूळचं शाबूत. मग त्यांनी रिंग काढून हातावर ठेवली. कडा इतकी पातळ की भाजी चिरावी.

"माती खाल्लीया," मिस्त्री म्हणाले.

दादा म्हणाला, "ऑइल तर येळच्या येळी बदलतुय की."

"ऑइल काय करंल? वरनं माती आली की ऑइलात मिसळून त्येची पेस्ट व्हती. व्हॉल्व्ह घासायला आपण पेस्ट वापरतो का न्हाई, तीच. दिसभर तू इंजिन पॉलिश करतुयास."

बोअर करायचा, मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकायच्या, बेअरिंग बदलायचं. सगळं मिळून अकरा हजार रुपये. त्या वर्षी आमच्या धाकट्या आक्काचं लग्न ठरत होतं. आबा काही बोलले नाहीत. बसल्या जागी खोकले आणि मातीत रेघा ओढत राहिले.

दादा उठायला लागला तसे मिस्त्री म्हणाले, "बोअर करून देतो. पन नाक नीट केलं न्हाईस तर वर्साभरानं परत हितंच येशील."

आणि त्यांनी दाखवलं. इंजिन बदलताना आधीच्या मिस्त्रीनं जागा मिळेल तिथं एक छोटा कागदी फिल्टर बसवला होता आणि त्याचं तोंड मडगार्डच्या आत, डाव्या चाकाच्या वर सोडलं होतं. म्हणजे चाक जो फुफाटा उधळायचं तो सरळ जीपच्या नाकात. वर तो कागद इतका छोटा की आठ दिवसांत चोंदायचा. चोंदला की गाडी ओढेना, आणि ओढेना म्हणून किन्नर तो बाहेर काढून दगडावर आपटायचा. आपटून आपटून कागदाला चिरा गेलेल्या. फिल्टर होता, पण नसल्यात जमा.

मी आयटीआयच्या वहीत हिशेब केला होता तो तिथं मिस्त्रींना सांगितला. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पोटभर हवा घेतं. चोवीसशे सीसी म्हणजे २.४ लिटर. मिनिटाला दोन हजार फेरे धरले तर दर मिनिटाला २४०० लिटर हवा. थोडी कमी भरते म्हणून दोन हजार धरा. एक लिटर डिझेल नीट जाळायला दहा हजार लिटरच्या आसपास हवा लागते. आपण डिझेलचा थेंब थेंब मोजतो, गाळून घेतो, आणि त्याच्या दहा हजारपट जे आत जातं त्याच्याकडं कुणी बघत नाही.

आबांनी मान वर केली. "आन मानसाला किती लागती रं हवा?"

"बसल्या जागी मिनटाला सहा-आठ लिटर," मी म्हणालो. "कष्टाचं काम असलं तर चाळीस-पन्नास."

"हां," एवढंच म्हणाले.

आता नाक कसलं करायचं यावर तीन दिवस वाद झाला. दादाचा एक दोस्त पुण्यात गाड्यांच्या दुकानात कामाला होता. त्यानं एक चकचकीत फिल्टर पाठवून दिला, शंकूच्या आकाराचा, लाल, वर क्रोमची टोपी. मूळचा डबा काढून टाकायचा आणि हा थेट नळीला बसवायचा. हवा मोकळी जाते, पिकअप वाढतो, आवाजही दमदार येतो. दादानं तो हातात फिरवून फिरवून बघितला. त्याला तो आवडला होता यात शंका नाही. अठरा माणसं घेऊन चढावर गाडी दमणाऱ्या माणसाला पिकअप या शब्दाची काय भूक असते ते वडापवाल्यालाच कळेल.

मिस्त्रींनी तो हातात घेतला, उजेडाकडं धरला. मग म्हणाले, "वस्तू वंगाळ न्हाई. पन ही शर्यतीच्या गाडीची. शर्यत संपली की इंजिन खोलत्यात, बघत्यात, परत बांधत्यात. तुला दर म्हैन्याला खोलायचंय का? आन ह्यो बसणार बॉनेटच्या आत. इंजिनाची तापल्याली हवा वढणार. गरम हवा पातळ. मग पिकअप कुठनं येणार?"

दादा गप्प झाला. पण त्यानं तो फिल्टर परत पाठवला नाही. घरात देवळीत ठेवला. कितीतरी वर्षं तो तिथं होता, आई त्याच्यावर उदबत्तीचा पुडा ठेवायची.

मिस्त्रींच्या मनात होता तो ट्रॅक्टरचा ऑइल बाथ. म्हणजे एक उभा डबा, खाली वाटी, वाटीत इंजिन ऑइल. हवा मधल्या नळीतनं जोरात खाली येते, ऑइलवर आपटते आणि तिथनं एकदम उलटी वर वळते. हवा हलकी, ती वळते. मातीचा कण जड, त्याला वळता येत नाही, तो ऑइलात जाऊन बसतो. उरलासुरला वर तारेच्या जाळीत अडकतो, जाळीला ऑइल लागलेलं असतं, ते ओघळून परत वाटीत येतं. कागदी फिल्टर चांगला असेल तर तो बारीक धूळ ऑइल बाथपेक्षा जास्त धरतो, हे मिस्त्रींनाही ठाऊक होतं. पण कागद विकत आणावा लागतो, आणि तो संपला की माणसं आपटायला लागतात. ऑइलची वाटी घरच्या घरी धुता येते. "माणूस जे करंल ते धरून बसवायचं," असं ते म्हणायचे.

म्हसवडला एक जुना ट्रॅक्टर मोडीत निघालेला होता. त्याचा डबा मिस्त्रींनी बघून ठेवलेला. पण तिथं एक अडचण होती. ट्रॅक्टर हळू फिरतो, जीप जोरात. ट्रॅक्टरच्या मापाचा डबा जीपला घुसमटवू शकतो. मी पुन्हा वही काढली. तो ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा, तेहतीसशे सीसीचा, मिनिटाला दोन हजार फेरे. म्हणजे ३३०० लिटर हवा. आमची जीप अठ्ठावीसशे फेऱ्यांवर ३३६० लिटर. जवळजवळ बरोबरी. पस्तीस घोड्यांच्या ट्रॅक्टरचा डबा असता तर जमलं नसतं.

"अठ्ठावीसशेच्या वर न्यायची न्हाई," मिस्त्रींनी दादाला बजावलं. "न्हेलीस तर वाटीतलं ऑइल उचलून आत जाईल. डिझेल इंजिनाला ऑइल काय आन डिझेल काय, दोन्ही सारखंच. चावी बंद केली तरी थांबायचं न्हाई, आपल्याच ऑइलावर पळत सुटंल. वाटीत बी खुणंच्या वर एक थेंब भरायचा न्हाई. कमी भरलंस तर माती आत, जास्त भरलंस तर ऑइल आत."

अठरा माणसं आणि आमचे रस्ते. अठ्ठावीसशेच्या वर न्यायचा प्रश्नच नव्हता.

बोअर होऊन इंजिन बसलं त्या दिवशी आम्ही नाक बसवलं. सकाळी आठला सुरुवात केली. डबा इंजिनावर लावायचा नाही, बॉडीवर लावायचा, कारण इंजिन रबरावर डोलतं आणि एवढं वजन त्याच्याबरोबर डोललं की पट्टी तुटते. लोखंडी अँगलची चौकट वेल्डिंग करून डाव्या बाजूच्या फळीला बोल्टनं कसली. डबा ओळंबा लावून सरळ उभा केला, कारण तिरका झाला तर वाटीतलं ऑइल एका अंगाला जातं आणि दुसऱ्या अंगानं हवा कोरडीच निघून जाते. मग बॉनेटच्या बाजूला पत्र्यात भोक पाडायचं होतं. एवढं मोठं भोक एका दमात पाडायचं अवजार आमच्याकडं नव्हतं. खडूनं गोल आखला, गोलावर ड्रिलनं जवळजवळ भोकं पाडली, छिन्नीनं मधले सांधे तोडले, कानशीनं कडा घासली आणि कडेला रबरी पट्टी बसवली, नाहीतर पत्रा नळीला कापतो. तिथनं पाईप वर काढून काचेच्या चौकटीला पट्ट्यानं बांधला. किन्नरची बाजू, म्हणजे दादाच्या नजरेच्या आड येत नव्हता. वर टोकाला ट्रॅक्टरचाच गोल वाडगा. त्याच्या आतल्या पात्यांनी हवेला गरगर भोवरा मिळतो आणि जाड माती बाहेरच्या कडेला फेकली जाऊन वाडग्यात पडते. वर झाकण असल्यानं पावसाचं पाणीही आत येत नाही.

चाकाच्या उंचीवर जो फुफाटा असतो त्याच्या मानानं टपाच्या उंचीवरची हवा कितीतरी स्वच्छ. निम्मं काम नुसत्या उंचीनं होतं. बाकीचं वाडगा करतो, मग ऑइल.

डब्यापासून इंजिनापर्यंतची नळी मात्र मिस्त्रींनी सगळ्यात जास्त वेळ घेऊन बसवली. साधी रबरी नळी इंजिन ओढायला लागलं की आतल्या आत चेपते. म्हणून आत तारेचं वेटोळं असलेली घेतली. दोन्ही टोकांना क्लिपा.

दुपारी तीनला इंजिन सुरू केलं. गुळगुळीत चाललं. गल्लीतली पोरं जमलेली, "हत्ती आला, हत्ती आला" म्हणत. खरंच जीपला सोंड आल्यासारखी दिसत होती. दादा पोरांवर खेकसला आणि मग स्वतःच हसला.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी एक लाकडी फळी घेतली, तिला ट्यूबचा तुकडा चिकटवला, वरचा वाडगा काढला आणि पाईपच्या तोंडावर ती फळी दाबून धरली. नाक दाबलं तर जीव जायला पाहिजे. इंजिन दबलं, धापलं, पण थांबलं नाही. तसंच धापत चालत राहिलं.

"कुठनं तरी चोरून घ्यायला लागलीया," ते म्हणाले.

फिल्टरच्या अलीकडं गळती असली तर फारसं बिघडत नाही, ती हवा फिल्टरमधनंच जाते. फिल्टरच्या पलीकडं, इंजिनाच्या बाजूला सुईएवढी फट असली तर सगळं केलेलं पाण्यात. तिथनं न गाळलेली हवा आत जाते आणि बाहेरनं काही दिसत नाही. मिस्त्रींनी मला फळी धरायला लावली, स्वतः बिडी पेटवली आणि तिचा धूर एकेका जोडाजवळ नेला. पहिल्या क्लिपेजवळ धूर सरळ वर गेला. दुसऱ्या क्लिपेजवळ तो एकदम वळला आणि रबराच्या खाली नाहीसा झाला. क्लिप सोडून बघितली. पत्र्याच्या धारेनं रबराला आतनं चीर पाडलेली, नखभर. तेवढं टोक कापून टाकलं, नळी पुढं सरकवली, धार कानशीनं मोडली आणि क्लिप पुन्हा आवळली. फळी पुन्हा ठेवली. दोन धापांत इंजिन बंद पडलं.

एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत आबांचा खोकला ऐकू यायला लागला. तो मघापासून चालूच असणार, इंजिनाच्या आवाजात कळला नव्हता. बराच वेळ चालला. थांबला तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि मिस्त्रींना म्हणाले, "हे लई झाक केलंसा. मानसाचं काय न्हाई का आसलं?"

मिस्त्री हात पुसत होते. त्यांना लगेच उत्तर सुचलं नाही. मग म्हणाले, "आबा, औषध कुणाचं चाललंय?"

"टीबीचं. दोनदा कोर्स झाला."

"गुण?"

आबांनी मान हलवली.

"इंजिन खोललं म्हणून आतलं कळलं. तुमचा फोटो चांगल्या ठिकाणी काढा एकदा. मिरजंला न्या ह्यांना." हे शेवटचं ते माझ्याकडं बघून म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात मी आबांना मिरजेला घेऊन गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला आणि पहिला प्रश्न विचारला, काम काय करत होता? तोवर कुणी तो विचारला नव्हता. आबांनी सांगितलं तसं डॉक्टर बराच वेळ फोटोच बघत राहिले. मग मला म्हणाले, हा टीबी नाही. दगडाची धूळ फुप्फुसात बसून आत चट्टे पडलेत. नाक आणि घसा मोठे कण अडवतात. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या पाच भागांहूनही बारीक कण असतात, ते थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि तिथंच राहतात. पंचा गुंडाळून ते थांबत नाहीत. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. आता धुळीपासून लांब ठेवा, एवढंच.

मी विचारलं, "काही मिळतं का? सरकारकडनं, मालकाकडनं?" त्यांनी सांगितलं की कायदा जुना आहे, १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा. त्याच्या परिशिष्टात दगडाच्या धुळीनं होणारे फुप्फुसाचे आजार आहेत. कामावर होता याचा कागद लागेल. आबांच्या नावाचा एकही कागद नव्हता. अकरा वर्षं पगार शनिवारी हातावर मिळाला होता.

परतीच्या एष्टीत आबा खिडकीशी बसले होते. विट्याच्या पुढं म्हणाले, "जीप क्रशरवर जाती का अजून?"

"सकाळची खेप असती की."

"किती मानसं?"

"चौदा-पंधरा. निम्म्या बाया."

पुढं काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी दादाला जवळ बसवलं. खेप बंद कर असं ते म्हणाले नाहीत, कारण खेप बंद झाली असती तर माणसं चालत गेली असती आणि आमचा हप्ता थकला असता, हे त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "मालकाला सांग, गाडी आवारात येनार न्हाई. दगडावर पानी मारा, मग येतो. इंजिन खराब व्हतंय म्हन. रिंगा दाव त्येला."

दादानं तेच केलं. आणखी दोन जीपवाले आणि खडीचे तीन ट्रॅक्टरवाले त्याला मिळाले, कारण मिस्त्रींकडं सगळ्यांचीच इंजिनं एकदा ना एकदा खोललेली होती. झिजलेल्या रिंगा एका फडक्यात बांधून ते मालकाकडं गेले. माणसांच्या खोकल्यावर अकरा वर्षांत जे झालं नव्हतं ते रिंगा बघून पंधरा दिवसांत झालं. जबड्याच्या वर आणि पट्ट्याच्या टोकाला पाण्याचे फवारे बसले. दगड ओला पडायला लागला आणि पांढरा ढग निम्म्यावर आला. बाया संध्याकाळी जीपमध्ये चढायच्या तेव्हा त्यांच्या पदराचा रंग ओळखायला यायचा. मालक दादाला म्हणाला, "तुमच्या गाड्यांपायी माझा पाण्याचा खर्च वाढला." गाड्यांपायी, हा शब्द दादानं घरी येऊन आबांना सांगितला. आबा म्हणाले, "ऱ्हाउं दे. पानी पडतंय न्हवं?"

ते पाणी दीड वर्षं पडलं. मग एका उन्हाळ्यात विहिरी आटल्या. गावाला टँकर लागला, माणसी दोन घागरी. घागरीसाठी भांडणं लागलेली असताना दगडावर पाणी मारा असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? फवारे बंद झाले. पाऊस पडल्यावर ते पुन्हा सुरू करायला दोनदा जावं लागलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा आबा बरोबर होते. ते काही बोलले नाहीत, नुसते कचेरीच्या पायरीवर बसून खोकले. फवारे सुरू झाले, पण दर उन्हाळ्यात बंद पडायचे ते पडायचेच.

आबांनी मग एक काम आपल्याकडं घेतलं. दर रविवारी, खेपा नसल्या की, जीपच्या डब्याची वाटी तेच उतरवायचे. वाटीच्या तळाला काळा गाळ बसलेला असायचा, एक बोट, यात्रेच्या दिवसांत दीड बोट. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला दादाच्या रात्रंदिवस खेपा असत, तेव्हा ते दोन दिवसांनी वाटी काढायचे. गाळ काडीनं खरवडायचा, डिझेलनं वाटी धुवायची, जाळी धुवून उन्हात उपडी घालायची, फडक्यानं पुसून नवीन ऑइल बरोबर खुणेपर्यंत ओतायचं. गाळ ते लगेच टाकत नसत. बोटांत घेऊन चोळून बघायचे आणि सांगायचे, ही म्हसवडच्या रस्त्याची, ही क्रशरची. एकदा मला म्हणाले, "ह्यातला येक कण बी आत गेला न्हाई बघ." मी म्हणालो, "थोडा जातोच आबा. शंभरातले तीन-चार जातात." ते म्हणाले, "मग लई राखलं की."

१९९९ च्या मार्गशीर्षात आबा गेले. शेवटचे सहा महिने त्यांना अंगणापर्यंतही चालता येत नव्हतं. तरी रविवारी वाटी उतरवून खाटेजवळ आणायला लावायचे. हात थरथरायचे म्हणून ऑइल मी ओतायचो, खूण ते बघायचे.

जीप २००६ पर्यंत आमच्याकडं राहिली. आक्काचं लग्न तिच्यावर झालं, पतसंस्थेचं कर्ज तिच्यावर फिटलं. त्या नाकानंतर बारा वर्षांत एकदाही पिस्टन काढावे लागले नाहीत. विकायच्या वेळी गिऱ्हाइकासमोर मी डब्याची नळी सोडून आत बोट फिरवून दाखवलं. बोट स्वच्छ निघालं. त्यानं भावात घासाघीस केली नाही.

आता माझं स्वतःचं गॅरेज आहे. दर महिन्याला एखादं तरी पोरगं तसला चकचकीत शंकूचा फिल्टर घेऊन येतं. मोबाइलवर बघितलेलं असतं, पिकअप वाढतो म्हणून. मी नाही म्हणत नाही. ज्याची गाडी डांबरी रस्त्यावर चालते, जो वेळच्या वेळी तो धुवून बसवणार आहे, त्याला बसवूनही देतो, पण गार हवा येईल अशा जागी, आणि क्लिपा आवळून फळीची परीक्षा करून. कागदी फिल्टर आपटू नका, धूळ बसलेल्या बाजूनं फुंकू नका, आतनं बाहेर हलकी हवा मारा आणि फाटला असेल तर बदला, हेही प्रत्येकाला सांगतो.

मात्र आधी विचारतो, गाडी कुठं चालते? खाणीवर, क्रशरवर, वीटभट्टीवर असं कुणी म्हणालं की आणखी एक विचारतो, तिथली माणसं तोंडाला काय बांधतात? पोरं चमकतात. गाडीचं विचारायचं सोडून हा माणसांचं का विचारतोय, असं त्यांना वाटत असावं. बहुतेक जण सांगतात, पंचा, नाहीतर पदर. कपाटात मी धुळीच्या मास्कचा खोका ठेवलेला असतो. बिलाबरोबर चार-पाच त्यांच्या हातात देतो आणि म्हणतो, हे मालकाला दाखव, आणि दगडावर पाणी मारतो का ते बघून ये. पुढच्या सर्व्हिसिंगला मी विसरत नाही. बोनेट उघडायच्या आधी तेच विचारतो.